मोरेश्वरची सहा फुटी बाई

“रूप तीन,” मोरेश्वर ठामपणे म्हणाला.

“काका, अठरापैकी तीन? थोडं तरी वाढवा ना!” अनिलने हात जोडले.

“नाही. मला अशीच पाहिजे.”

१९८६च्या दिवाळीची सुट्टी होती. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा अनिल पांढुर्ण्याला घरी येताना होस्टेलमधल्या मित्राकडून एक अमेरिकन खेळ घेऊन आला होता. त्यात ना पट होता ना सोंगट्या. नाना कोनांचे फासे होते आणि एक जाड इंग्रजी पुस्तक. प्रत्येकाने आपल्या मनाने एक योद्धा घडवायचा, त्याच्या ताकदीला, रूपाला अठरापैकी गुण द्यायचे, खोडी ठरवायच्या आणि मग अनिल सांगेल त्या राक्षसांच्या जंगलात त्याला घेऊन शिरायचं. अनिलच्या बहिणीने, जयश्रीने, तलवारवाला राजपुत्र चुटकीसरशी तयार केला. धाकट्या काकाची, मोरेश्वरची, बाई मात्र काही केल्या पुरी होईना.

मोरेश्वर सिंचन खात्यात कारकून होता. चौतिशीचा, ठेंगणा आणि कमालीचा अबोल. मुलगी पाहायला गेला की “नाव काय?” एवढं विचारायचा आणि पोह्यांच्या बशीकडे बघत बसायचा. ‘मुलगा चांगला आहे, पण बोलत नाही’ असा निरोप यायचा. तोच माणूस आता नसलेल्या बाईबद्दल विचारून विचारून अनिलचं डोकं खात होता. ती कशाला हसते? पालीला भीत असली तर चालते काय? जंगलात ताप आला तर तिच्याजवळ कोण बसते?

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शांताबाई विरजण मागायला दारात आल्या.

“उंची सहा फूट, वय पस्तीस,” आतून मोरेश्वरचा आवाज आला. “बापाचं घर सोडून एकटीच निघाली.”

“मारामारी करते?” जयश्रीने विचारलं.

“तर! आतापर्यंत अकरा माणसं लोळवले तिनं.”

“आणि तरी तुम्हाला हीच पाहिजे?”

“हीच. पक्की झाली.”

शांताबाई विरजण न घेताच वळल्या.

दुसऱ्या दिवशी विनायकराव, म्हणजे अनिलचे वडील, कापूस बाजारात गेले, तर नत्थूजी दलालांनी कापूस सोडून त्यांचाच हात धरला. “अभिनंदन! मोरेश्वरचं जमलं, भावसून पहिलवान भेटली म्हनते?”

विनायकराव तसेच घरी परतले. त्यांच्या बायकोपर्यंत, नलिनीवहिनींपर्यंत, बातमी विहिरीवरूनच पोचली होती. मोरेश्वर ऑफिसातून येऊन चपला काढतो न काढतो तोच त्याला बैठकीत उभं करण्यात आलं.

“कोण आहे ती?” विनायकराव गरजले.

“दादा, ती नाही आहे.”

“नाही आहे म्हणजे? मेली?” वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

“नाही हो वहिनी. अजून पूर्ण झाली नाही. आज तिला घोडा द्यायचा आहे.”

“घोडा!” विनायकराव खुर्चीतून उठलेच. “पोरगी त्याहिची अन् घोडा आपण देऊन राहिलो?”

शेवटी अनिलने फासे आणि पुस्तक मधोमध ठेवून सगळा खेळ समजावला. वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. विनायकरावांनी वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाले, “पण अकरा माणसं लोळवले कशानं?”

“बैलगाडीच्या जुवानं.”

“हं. जू जड राहते. तलवारीपेक्षा बरं.”

घरचं निस्तरलं, पण बातमी तोवर सौसरकडच्या गावांत पोचली होती. रविवारी सकाळी रामाकोन्याचे एक शेतकरी, दादाजी, संत्र्यांची टोपली घेऊन दारात उभे राहिले.

“आमची रजनी उंच हाय,” पाण्याचा गिलासही न उचलता त्यांनी सुरुवात केली. “ट्रॅक्टर चालवते, कापसाचे पोते उचलते. पोरं पाहाले येतात अन् तिले उभी पाहिली का च्या न पिता जातात. तुमी पयले मानसं भेटले का ज्याहिले अशी पोरगी चालते. म्हनून आलो जी.”

खरं सांगावं तर म्हातारा मोडून पडेल, न सांगावं तर फसवणूक. विनायकराव घसा खाकरत होते. तेवढ्यात मोरेश्वर म्हणाला, “मी येतो पाहायला.”

रामाकोन्याला रजनी दाराच्या चौकटीखाली मान वाकवून बाहेर आली आणि समोर बसली. वहिनींनी सवयीने पोह्यांची बशी मोरेश्वरकडे सरकवली. त्याने ती बाजूला ठेवली.

“तुम्हाला राग कशाचा येतो?” त्याने विचारलं. “नदीला पूर असला तर पोहता काय? एकट्या असल्यावर गाणं म्हणता?”

रजनीने डोळे मोठे केले. “पूर असला का काठावर बसतो. गानं ट्रॅक्टरवर म्हनतो, आवाजात दबून जाते म्हनून. तुमी हे समद्याच पोरींले इचारता?”

“नाही. पहिल्यांदाच.” आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. खेळ, फासे, ती सहा फुटी बाई, शांताबाईंचं विरजण.

दादाजींचा चेहरा उतरला. “म्हंजे गरिबाची थट्टा करून राहिले काय?”

“थट्टा नाही. माणसाशी काय बोलायचं तेच मला समजत नव्हतं. तिला बनवता बनवता विचारायला जमलं.”

“बाबा, बसा तुमी,” रजनी म्हणाली. मग मोरेश्वरकडे वळून, “त्या बाईनं अकरा जनांले काऊन लोळवलं?”

हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. “ते तिच्या उंचीला हसले.”

“मंग बराबर हाय,” रजनी म्हणाली. “इचार करून सांगीन.”

‘मुलगीच विचार करून सांगणार?’ असं वहिनी परतीच्या बसमध्ये बोरगाव येईपर्यंत घोकत होत्या. पण होकार आला, आणि माघात लग्न लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अनिल पुन्हा घरी आला. नवी काकू खेळायला बसणार म्हणून सगळे गोळा झाले. दरवाजे उपटणारी, हत्ती लोळवणारी बाई ऐकायला विनायकराव तर पुढे सरकूनच बसले.

“माही बाई नाजूक हाय,” रजनी म्हणाली. “पायी चालत नाही. फुलाचा वास घेत बसून राहते.”

“पण काकू, योद्धा आहे ना ती? लढावं लागते!”

“लढन ना. जलमभर पोते मीच उचलले. आधी तिले कोनी उचलून त न्या.”

मोरेश्वरने पेन्सिल उचलली आणि उत्सुकतेने विचारलं, “वजन किती धरायचं?”

रजनीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुमाले झेपन तेवढं धरा.”