शेवरीताईचं प्रात्यक्षिक

"सर, पाहुण्याला भूक लागली आणि समोर आपणच तेवढे असलो, तर काय करायचं?"

एका जंगलात, बाळांनो, टुणक्या नावाच्या सशाने हा प्रश्न विचारला होता. सरांनी तो अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला.

तिथल्या ससेवाडीत पर्यटन आलं होतं. म्हणजे आधी वाघ नुसताच यायचा, आता पाहुणा म्हणून यायचा. त्यासाठी सशांचं आदरातिथ्य प्रशिक्षण केंद्र निघालं. शिकवायला वानरसर. ते उंच फांदीवर बसून शिकवत. खाली म्हणून उतरत नसत.

"हसा! मान झुकवा! कान मागे बांधा!"

कान बांधायला प्रत्येकाला लाल फीत मिळाली.

ससेवाडीची एक जुनी रीत होती. धोका ज्याला दिसेल त्याने मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. बाकीचे लगेच करवंदीच्या जाळीत पसार.

"पाहुण्यांसमोर पाय आपटणं हा गावंढळपणा. आजपासून बंद!" सर म्हणाले.

टुणक्याने तिथल्या तिथे पाय आपटून दाखवला. त्याला हाकललं. तसंही दुसरीनंतर त्याने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

"जरा नीट वागला असतास तर साहेब झाला असतास," त्याची शेवरीताई म्हणाली. पाय आपटायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

"मला नाही व्हायचं साहेब. तूपण नको जाऊस."

"गप रे, येड्या. नोकरी लागली की तुला गाजरं आणते."

प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला खुद्द वाघ आला. टुणक्या कुंपणाबाहेरून बघत होता. ताईने वाघाची लवलवती जीभ पाहिली. तिचा मागचा पाय उचलला गेला. वरून सर खाकरले. तिने पाय अलगद खाली ठेवला आणि गोड हसली.

"काय घेणार, साहेब?"

"ताजं असेल ते."

उरली ती लाल फीत.

निकालात ताई पहिली आली. 'पाहुण्यांच्या पूर्ण पसंतीस उतरली,' असा शेराही मिळाला.

मग शोकसभा झाली. प्रमुख पाहुणे वाघच.

"शेवरीबाई फार चांगल्या होत्या," वाघ गहिवरून म्हणाला.

"चवीला का?" मागून टुणक्या ओरडला. ताईची फीत त्याने मागच्या पायाला बांधली होती.

"कोण तो गावंढळ?" फांदीवरून सर कडाडले. "सर्वांनी उभे राहा. डोळे मिटा. दोन मिनिटं शांतता!"

सगळ्या सशांनी डोळे मिटले. कान तर बांधलेलेच होते. वाघाने मात्र डोळे मिटले नाहीत. जिभल्या चाटत तो पहिल्या रांगेकडे सरकू लागला.

टुणक्याचे डोळे रडून रडून सुजले होते, पण उघडे होते. जाळी त्याच्यापासून एका उडीवर होती. त्याने उडी मारली ती थेट वाघासमोर. आणि पाय आपटला.

बांधलेल्या कानांना आता सरांशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. पण जमीन हादरलेली पायांना कळलीच. रांगा फुटल्या. जो तो जाळीकडे सुटला.

शेवटचा ससा आत जाईपर्यंत टुणक्या तिथेच उभा राहून पाय आपटत होता.

तात्पर्य : मुलांनो, वर्गात नको ते प्रश्न विचारू नका. उत्तर प्रात्यक्षिकात मिळतंच. आणि पाहुण्यांसमोर पाय तर मुळीच आपटू नका. एकाच्या गावंढळपणापायी बिचाऱ्या पाहुण्यांना त्या दिवशी एकावरच भागवावं लागलं.