हिरामणच्या अभ्यासाची वारस नोंद

दादाच्या तेराव्यानंतर त्याचा अभ्यास माझ्या नावावर झाला.

हिरामणदादा इमारतीच्या कामावर सुपरवायझर होता. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या मोठ्या परीक्षेसाठी तो तीन वर्षं वाचत होता. तारीख मिळाली, फी भरली आणि तो परांचीवरून पडून गेला. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून वारस आई. आईने माझ्या नावे हक्कसोड लिहून दिली. तलाठी भाऊसाहेबांनी नोंद वाचून दाखवली, "मयताचा अभ्यास, एकूण धडे बारा. पैकी अकरा धाकटा भाऊ सोपान, शिक्षण सातवी नापास, याजकडे. जोखमीचा धडा आई यमुनाबाई यांनी स्वतःकडे राखला."

"तो कशाला ठेवलास?" मी आईला विचारलं.

"माझी मर्जी."

मी टेबलावर हात आपटला.

"आपटून नोंद बदलत नाही, सोपान," भाऊसाहेब म्हणाले. "परीक्षा नऊ दिवसांवर आहे. नापास झालास तर अभ्यास सरकारजमा होईल. मग तू जसा होतास तसा."

दुसऱ्या दिवशी मी सेंटरिंगच्या कामावर गेलो आणि खालीच उभा राहिलो. सात मजले मला शेवटच्या दिवसाकडून पहिल्या दिवसाकडे दिसत होते. कोणतं काम कोणासाठी खोळंबलंय, गुरुवारी नळवाला आला नाही तर दिवाळीत लिफ्ट कशी अडेल, सगळं उन्हासारखं लख्ख. दादा हे रोज बघत होता, आणि दुपारी आमच्यात बसून डबा खात होता. एका शब्दाने बोलला नाही. मी तिथेच विटांवर बसून रडलो. मुकादम म्हणाला, "फळ्या कोण उचलणार, तुझा काका?"

घरी सराव परीक्षा दिली. जोखमीचे सगळे प्रश्न कोरे राहिले.

"आई, तो धडा दे. नाहीतर दादाचं सगळंच जाईल."

"त्या धड्याच्या भरवशावर तोही वर चढला होता. तुला नाही देणार."

"मग तू चल."

"चलते."

परीक्षा केंद्रावरच्या साहेबांनी नोंदीचा उतारा तपासला. "सहहिस्सेदार हजर?" आई म्हणाली, "हजर." त्यांनी दुसरी खुर्ची मागवली.

प्रश्न संगणकाच्या पडद्यावर, इंग्रजीत होते. दादाला इंग्रजी येत होतं, त्यामुळे अडचण नव्हती. जोखमीचा प्रश्न आला की मी आईला मराठीत सांगायचो आणि ती पुरता ऐकायच्या आधी म्हणायची, "तिसरं." "पहिलं." कधी कधी, "एवढं सोपं कशाला विचारतात?" चाळीस वर्षं तिच्या हातचं खाणाऱ्यांपैकी कोणी तिला असं पाहिलं नव्हतं.

मग एक प्रश्न आला. कामावर माणूस उंचावरून पडला तर मॅनेजरने सर्वांत आधी काय करावं? काम थांबवावं, अहवाल लिहावा, वरिष्ठांना सांगावं, वेळापत्रक सुधारावं.

"ह्यात नाही," आई म्हणाली.

"कुठलंही एक सांग. एवढ्यावर पास-नापास अडलंय."

"ह्यात नाही रे. तो सकाळी अकराला पडला. मला फोन पाचला. तोवर मी त्याच्यासाठी वाटाणे सोलत होते."

तिने हात वर केला. साहेब आले, पडदा वाचून म्हणाले, "मावशी, पाचव्या पर्यायाला लेखी अर्ज लागतो."

"लिही," ती मला म्हणाली.

मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'आधी त्याच्या आईला कळवावं.' तिने सही केली. साहेब अर्ज घेऊन आत गेले. घड्याळ थांबवण्याची तरतूद नव्हती. खोलीतले बाकीचे लोक हात मांडीवर ठेवून आमच्या पडद्याकडे बघत बसले.

तीन मिनिटं उरली असताना चौथ्या पर्यायाखाली पाचवा उमटला. आईने त्यावर स्वतः बोट ठेवलं.

आम्ही पास झालो. आता ती परीक्षा जो कोणी देतो त्याला त्या प्रश्नाखाली पाच पर्याय येतात. पाचवा बरोबर धरतात.