पोटातले दोनशे ग्रॅम

घरात काही पाळायचेच असेल तर ते मुके असावे, याबद्दल जाणकारांत मतभेद आढळत नाही. कुत्रा भुंकतो. पोपट नको तेच शिकतो आणि नको त्याच माणसासमोर म्हणून दाखवतो. मांजर गप्प असते, पण तिचा चेहरा गप्प नसतो. मासा मात्र तोंड उघडतो ते केवळ मिटण्यासाठी. (मधल्या वेळात त्यात काय जाते, याकडे जाणकारांचे लक्ष गेलेले नाही.)

वजनमापे कार्यालयातल्या निरीक्षकांनी हाच विचार करून मासा आणला. शहरातल्या दुकानांचे तराजू आणि वजने तपासून त्यांवर शिक्का मारणे हे त्यांचे काम. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला एक ग्रॅमही सोडला नव्हता. त्यामुळे कुठल्याच दुकानात त्यांना कुणी बसा म्हणत नसे, आणि रक्तदाब तेवढा वाढला होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितले, ‘‘रोज वीस मिनिटं मासे बघत बसा. डोकं थंड राहील.’’

निरीक्षकांनी बारा मासे आणले. त्यांतला एक बोटाएवढा होता, शेपटी लाल, तोंडाला लांब मिशा.

‘‘फार मोठा नाही ना होणार?’’ त्यांनी मासेवाल्याला विचारले.

‘‘छे हो! हा टाकीएवढाच वाढतो.’’

हे विधान अक्षरशः खरे ठरले. टाकी दोन फुटी होती, मासा दोन फुटांचा झाला. वळायचे तर आधी कुणीतरी टाकी वळवावी, अशी वेळ आल्यावर निरीक्षकांनी चार फुटी टाकी आणली. मासा त्याही टाकीला जागला. मग आठ फुटी आली. दिलेल्या शब्दाला इतका जागणारा जीव निरीक्षकांनी आपल्या खात्यात पाहिला नव्हता.

उरलेल्या अकरा माशांचे काय झाले, हा प्रश्न पहिल्याच रविवारी निकालात निघाला होता. निरीक्षकांनी रीतसर पंचनामा केला: पाणी स्वच्छ, झाकण जागच्या जागी, झटापटीच्या खुणा नाहीत, एकमेव साक्षीदार बोलण्याच्या मनःस्थितीत नाही. मासेवाल्याचे मत पडले की तो स्वभावाने लाजाळू आहे, त्याला गर्दी सोसत नाही.

निरीक्षकांची बायको शाळेत भूमिती शिकवत असे. ‘‘आठ दिवस ठेवून बघू,’’ असे नवऱ्याने पहिल्या दिवशी म्हटल्यामुळे ती माशाला ‘पाहुणे’ म्हणे. चार वर्षे झाली तरी तिने शब्द बदलला नाही. ‘‘पाहुणे जेवले का?’’ असे ती शाळेतून आल्यावर विचारी, आणि नाही म्हटले की स्वतः जेवायला बसे. निरीक्षकांच्या आईचा मात्र माशावर जीव जडला होता. तो तिच्याकडे टक लावून बघतो आणि मधे बोलत नाही, हे सुख तिला घरात दुसऱ्या कुणी दिले नव्हते.

माशाच्या संगोपनासाठी निरीक्षकांनी एक नियमावली काढून फ्रिजवर चिकटवली. तिच्यातली काही कलमे अशी:

१. हॉलमध्ये धावू नये व शिंकू नये. शिंक अनावर झाल्यास गॅलरीत जावे.
२. पाण्याचे तापमान सत्तावीस अंश राहील. (कुटुंबीयांचे तापमान ज्याने त्याने पाहावे.)
३. दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलण्यात येईल. त्या दिवशी आंघोळीबाबत सर्वांनी समजूतदारपणा दाखवावा.
७. फर्निचर हलवू नये. माशास बदल मानवत नाही.

चौथे, पाचवे व सहावे कलम शिंतोड्यांनी पुसले गेले होते. ती पाळली जात होती की नाही हे कुणालाच सांगता येत नसे.

खालच्या मजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना होता. आठ फुटी टाकी आल्यापासून त्यांच्या छताला एक बारीक भेग पडली होती. खुर्चीत आडवा झालेला पेशंट वर बघायचा आणि दातदुखी विसरायचा, म्हणून त्यांची तक्रार नव्हती.

अशा सुरळीत चाललेल्या घरात बायकोने एका संध्याकाळी, वह्या तपासायला उजेड पडावा म्हणून, आरामखुर्ची फूटभर सरकवली. माशाने जेवण सोडले.

पहिले चार दिवस भूक नसेल म्हणून सोडून दिले. पाचव्या दिवशी निरीक्षकांनी खुर्ची जागेवर ठेवायला सांगितले. बायकोने पट्टी लावून ती अर्ध्या सेंटिमीटरच्या आत बसवली. माशाने तिकडे पाठ केली. आई टाकीपाशी बसून, ‘‘खा रे राजा, एवढी एकच कोळंबी, माझ्यासाठी,’’ म्हणत राही, आणि त्याने खाल्ले नाही म्हणून आपलेही ताट परत पाठवी. अकराव्या दिवसापासून शेजारीपाजारी विचारपूस करायला येऊ लागले. ते हळू आवाजात बोलत आणि चहा घेऊन जात. निरीक्षकांनी ‘घरात आजारपण’ म्हणून रजा टाकली. ती मंजूर झाली, कारण अर्जात कुणाचे आजारपण ते लिहायला रकानाच नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी निरीक्षकांनी माशाचे वजन केले. चौदा किलो तीनशे ग्रॅम. तसे त्यांनी वहीत लिहिले आणि डोळे पुसले. मग डॉक्टर जसे औषध मोजून देतात, तशी बरोबर दोनशे ग्रॅम कोळंबी द्यायची असे ठरवले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. योगायोगाने कार्यालयाचे दोनशे ग्रॅमचे पितळी प्रमाण वजन, म्हणजे ज्याच्याशी शहरातली सगळी वजने ताडून बघतात ते, पुसण्यासाठी त्यांनी घरी आणले होते. जुन्या तराजूच्या एका पारड्यात वजन, दुसऱ्यात कोळंबी. काटा स्थिर झाला.

‘‘अरे, तोंड उघडलं बघ त्याने!’’ आई ओरडली.

निरीक्षक धावले आणि त्यांनी पारडे टाकीत पालथे केले. गुळुप.

‘‘खाल्लं! खाल्लं गं बाई!’’ आईने सुनेला मिठी मारली. गेल्या कित्येक वर्षांत असे घडले नव्हते. निरीक्षकांना हुंदका आवरेना.

बायको सासूच्या खांद्यावरून टेबलाकडे बघत होती. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘कोळंबी इथेच आहे.’’

दंतवैद्यांना वर बोलावण्यात आले. त्यांनी बाह्या सारल्या. ‘‘आ करायला सांगा.’’

‘‘तो ऐकत नाही कुणाचं.’’

पण दंतवैद्यांचा हात पाण्याजवळ जाताच माशाने आपणहून आ केला. क्षणभर खळबळ झाली. दंतवैद्य हात कवटाळून मागे आले.

‘‘दात चांगले आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘वजन काही दिसलं नाही. घड्याळ दिसलं.’’

‘‘कुणाचं?’’

दंतवैद्यांनी मनगटाकडे पाहिले. ‘‘माझं.’’

आठवड्याने मुख्य कार्यालयाची तपासणी होती. वजन हरवले म्हणावे तर नोकरी जाणार, मासा कापावा तर आई जाणार, असा पेच होता. निरीक्षक हॉलमध्ये येरझारा घालत होते. (कलम एकमध्ये धावण्यास मनाई होती, चालण्यास नव्हती.)

‘‘सांगून टाका, मुद्रांकनाला पाठवलंय म्हणून,’’ बायको म्हणाली.

‘‘वजनाबद्दल खोटं? माझ्याने नाही व्हायचं.’’ त्यांनी येरझारा थांबवल्या. ‘‘सव्वीस वर्षं गं.’’

तिने तपासायचा गठ्ठा बाजूला सारला. मग वही ओढली. ‘‘तर मग खरंच लिहा. मी सांगते तसं.’’

पत्र असे गेले: ‘प्रमाण वजन सुरक्षित असून ते काचेच्या बंदिस्त जागेत, स्थिर तापमानात, एका जिवंत पात्रात ठेवलेले आहे. पात्र हिंस्र असल्याने चोरीचा संभव नाही.’

मुख्य कार्यालय इतके समाधानी कधी झाले नव्हते. तपासणी पुढे ढकलून त्यांनी उलट टपाली कळवले की व्यवस्था स्तुत्य आहे. तथापि सरकारी वजन खाजगी घरात असू नये, सबब ते पात्रासह कार्यालयात जमा करावे.

‘‘पात्र म्हणजे पाहुणे,’’ बायकोने खुलासा केला आणि उठून आरामखुर्ची चांगली तीन फूट सरकवली.

तेव्हा कुठे निरीक्षकांच्या लक्षात आले की चार वर्षे ती गप्प होती ती उगाच नव्हे. त्यांना राग यायला हवा होता. पण खुर्ची टाकीपासून दूर, नव्या जागी ठेवली की तिच्यात पाय पसरून बसता येत होते.

मासा कार्यालयात आला. आई रोज साडेदहाला डबा घेऊन जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात लोकांना ती नवी अधिकारी वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या सल्ल्याने दोन फायली निकाली निघाल्या.

अडचण एकच राहिली. पोटातले वजन बाहेर न काढता दुकानदारांची वजने ताडायची कशी? मुख्य कार्यालयाने परिपत्रक काढले: गिळण्याच्या दिवशी सकाळी मासा चौदा किलो तीनशे ग्रॅम होता, तशी नोंद आहे, त्याहून जे जास्त भरेल ते दोनशे ग्रॅम समजावे. (घड्याळाचा उल्लेख परिपत्रकात नाही.)

पण मासा आता जेवू लागला होता. फायलींमधून वेळ काढून आई त्याला स्वतः भरवत होती. महिनाअखेर निरीक्षकांनी घाबरत घाबरत कळवले, ‘दोनशे ग्रॅम वाढत आहेत.’ उत्तर आले, ‘प्रमाण वजन वाढत नसते. इतर वजने घटली असावीत. दुरुस्त करून शिक्के मारावेत.’

ज्यांनी आयुष्यात कुणाला एक ग्रॅम सोडला नाही, त्या निरीक्षकांनी शहरातले एकूण एक वजन मापून, जड करून, त्यांवर शिक्के मारले. रक्तदाब उतरला. दुकानदार थोडे कुरकुरले, पण किलोला पिशवी जड लागते म्हणून गिऱ्हाइकाने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. पुढे दवाखान्यातले, व्यायामशाळेतले आणि घराघरांतले, माणसांनी उभे राहायचे काटेही त्याच मापाने दुरुस्त झाले.

त्यांत तुमचाही होता. तुम्हीही तक्रार केली नाहीत. उलट सकाळी चालायला लागल्यापासून चार किलो उतरले, असे भेटेल त्याला सांगत सुटलात. कपाटातले जुने कपडे काढून बघितलेत, ते अंगात शिरेनात, तेव्हा धुऊन आटले असतील असे ठरवलेत.

अभिनंदन. मासा हल्ली बरा जेवतो.