तिरके उतरणारे अण्णा

हुबळीच्या केशवापुरात आमच्या शेजारी राहणारे जोशीअण्णा सकाळी गच्चीवर येतात ते आमच्या दोरीवरची धुणी वाचायला. "वहिनी, तुमची साडी आज वीस नॉट दाखवतेय," असं माझ्या बायकोला सांगून ते चहा प्यायला निघून जातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. पुढे कळलं की अण्णा एका कारखानदाराचं चार आसनी विमान चालवतात, आणि नॉट हे वाऱ्याच्या वेगाचं माप आहे. मी भूगोलाचा शिक्षक. विद्यानगरच्या शाळेत वारे शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली.

अण्णांचा लाडका शब्द 'स्वल्प तडी'. कानडीत, जरा थांबा. दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीत मागून भोंगे वाजवणारे रिक्षावाले, घाईतली भाजीवाली, उतू जाणारं दूध, सगळ्यांना ते हेच सांगतात. दूध तेवढं ऐकत नाही.

गेल्या आषाढात मी मेहुण्याच्या साठीला कोल्हापूरला गेलो होतो. अण्णा मालकांना तिथे सोडून रिकामं विमान घेऊन परतणार होते. "चला मास्तर, जागा आहे," म्हणाले. सगळ्या सासुरवाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, की हो, विमानानेच जातो, एसटीत पाय आखडतात.

पाऊण तास मी अण्णांना नैर्ऋत्य मोसमी वारे समजावून देत होतो. ते "हो का" म्हणत ऐकत होते. हुबळी जवळ आली आणि तो वारा स्वतःच भेटायला आला.

धावपट्टी समोर असायला हवी, ती माझ्या उजव्या खिडकीत होती. विमानाचं नाक भलतीकडे, आणि आम्ही खेकड्यासारखे तिरके खाली येत होतो.

"अण्णा, पट्टी इकडे आहे," मी बोट दाखवलं.

"ठाऊक आहे. वारा डावीकडून ढकलतोय. नाक सरळ धरलं तर शेतात जाऊ. टेकायच्या आधी सरळ करायचं."

टेकायची वेळ आली तेव्हा असा झोत बसला की विमान एका अंगावर कलंडलं. अण्णांनी इंजिनाचा जोर वाढवला आणि आम्ही पुन्हा वर. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी रामरक्षा सुरू केली. तिसऱ्या श्लोकानंतर ती मोसमी वाऱ्यांच्या धड्यात मिसळली.

"आता नाही जमलं तर बेळगावला उतरू," अण्णा म्हणाले.

"आत्ताच जाऊ की."

"स्वल्प तडी."

तिसऱ्यांदा आम्ही तसेच तिरके खाली आलो. "बा, बा," अण्णा वासराला बोलवावं तसे विमानाला पुटपुटत होते. अगदी शेवटी नाक सरळ झालं, डावा पंख खाली झुकला, आधी एक चाक टेकलं, मग दुसरं.

"मास्तर, माझा गुडघा सोडा," अण्णा म्हणाले. "ब्रेक लावायला तो पाय लागतो."

विमान थांबल्यावर मी फोन सुरू केला. बायकोचे सात मिस्ड कॉल. आपण घाबरलो नव्हतो हे दाखवायला मी फोन खिशात टाकला. "घरी जाऊन बोलतो," म्हणालो.

"आधी तिला सांगा, उतरलो म्हणून." अण्णांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कानावरचे हेडफोन काढून ते वायर गुंडाळत बसले. "मालती होती तोवर मीही आधी तिलाच सांगायचो. जाऊन चार वर्षं झाली तिला. आता मालकांचा फोन येतो. विमान ठीक आहे ना, विचारतात."

मी फोन लावला. बायकोने आधी मला मनसोक्त झापलं. मग विचारलं, "अण्णांना काही झालं नाही ना?"

उत्तर मलाच देता आलं असतं. मी फोन त्यांच्या हातात दिला.

"उतरलो, वहिनी," अण्णा म्हणाले. पलीकडून ती काहीतरी बोलत होती. ते फोन घेऊन खाली उतरले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. वाऱ्यात शब्द नीट येत नव्हते. मला एवढंच ऐकू आलं, "नको, तेवढ्या नको. मला दोनच भाकऱ्या पुरतात."

फोन परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही, त्यातलं मोठं काही समजत असल्यासारखा, विमानाचा पंख तपासत राहिलो.