काजळकणांचा प्याला आणि मातोश्रींची गांठ

श्री ज्योतमाय प्रसन्न. काळ्या काजळीच्या पोटीं उजेड सांभाळणारीस दंडवत घालून लिहिलें ऐसें जे, शके एकोणीसशें एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सरीं, मातोश्री लाडूबाईसाहेब यांचे पोटांत गांठ जाहली. ती कापावी तर तिची शींव दिसेना. कमी कापिली तर पुन्हा रुजेल, अधिक कापिली तर मातोश्रीच जातील. मग भिवराबाई शस्त्रवैद्यीण हिनें लिंबाचा रस आणि साखर भांड्यांत कोंडून करपविली आणि त्यांतून कोळशाचे कण काढिले, इतके बारीक कीं मुंगीच्या डोळ्यांतही खुपूं नयेत. ते गांठीस जाऊन बिलगत आणि निळ्या दिव्याखालीं काजव्यासारिखे हिरवे लकाकत. परंतु त्या दौलतीचा रिवाज ऐसा कीं, मातोश्रींचें औषध आधीं मानकऱ्यांनीं मानाप्रमाणें चाखावें. म्हणोन मानकरी गलेलठ्ठ आणि रोगी कोरडे. कारभारी दादोपंत यांनीं मोठा घोट घेतला, सरनोबतांनीं त्याहून मोठा, आणि फडणीस तर प्याला बोटानें पुसून प्याले. मातोश्रींस वास पोहोंचला. मग भिवराबाईनें त्यांचें रक्त दिव्याखालीं पाहिलें तों अंधार, आणि मानकऱ्यांच्या मोऱ्यांत दिवा नेला तों दिवाळी.

आतां कण एका प्याल्यापुरते उरले आणि गांठ तर रोज वाढे. मग भिवराबाई प्याला घेऊन दरबारीं उभी राहिली आणि म्हणाली, "आज यांत विष आहे. आधीं मान कोणाचा?"

दादोपंतांस एकादशी आठवली, सरनोबतांची दाढ ठणकूं लागली, फडणीसांस सासूचें वर्षश्राद्ध निघालें. प्याला भरलेला मातोश्रींपुढें आला. विष नव्हे हें भिवराबाईस सर्वांदेखत बोलतां येईना. प्याला हातांत थरथरूं लागला.

मातोश्रींनीं तिचे हाताकडे पाहिलें. "भिवरे, विष देणारीचा हात ऐसा कांपत नाहीं गं. आण इकडे."

त्या प्याल्या. मग गुंगी देऊन पोट उघडिलें, निळा दिवा लाविला, तों काळोख्या वाफ्यांत भाताचें रोप उगवावें तैसी गांठ हिरवी उजळली. भिवराबाईनें हिरवें तितकें कापिलें, आणि मुळ्या राहिल्या त्यांवर तांबडा झोत धरिला, तों कण तापून मुळ्या जळाल्या. बाराव्या दिवशीं मातोश्रींनीं पिठलें मागितलें.

मानकऱ्यांनीं मान बुडाल्याची फिर्याद गुदरिली. मातोश्री वदल्या, "पुढचें विष तुमचेंच."

फिर्याद तेथेंच मागें घेतली. येणेंप्रमाणें गांठ गेली, मान गेला, माय राहिली. हकीकत इतुकीच.