गांधीलमाशीचं डोकं

हिलेव्हीला शिंक आली ती बरोबर पावणेअकराला, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या गांधीलमाशीचं डोकं उडालं.

फुलपाखरांच्या कोशात अंडी घालणारी ही परजीवी माशी होती जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि तीही हेलसिंकीहून उसनी आणलेली. तिची प्रजाती खात्रीने सांगू शकणारा माणूस अख्ख्या स्वीडनमध्ये एकच, ब्याऐंशी वर्षांचे सिक्स्टन हेडलुंड. ते अकराला पोहोचणार होते. त्यांनी मान डोलावली तरच हिलेव्हीचा दोन वर्षांचा प्रबंध तरणार होता.

"बिर्गर, हलू नकोस! पायाखाली डोकं असेल!"

शेजारच्या टेबलावर काम करणारा बिर्गर वेलचीचा बन खात येत होता. तो एका पायावरच थबकला. "कुणाचं?"

"माशीचं!"

दोघं फरशीवर रांगू लागले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अखेर टेबलाच्या कडेला एक काळपट कण दिसला. हिलेव्हीने श्वास रोखून तो गोंदाच्या थेंबावर बसवला.

बिर्गरने भिंगातून पाहिलं. "अगं, याला डोळे कुठायत?"

"मिटले असतील."

"माशा डोळे मिटत नाहीत, बाई. ही वेलची आहे."

तेवढ्यात दार वाजलं.

सिक्स्टन कोट न काढताच भिंगाशी बसले.

"मागची मांडी फुगीर... खालच्या कडेला दात... कंबर आखूड... पंखावर शिरा जवळजवळ नाहीतच..." म्हातारबुवा पुटपुटत होते. मग ते भिंगावर आणखी वाकले. बिर्गरने उरलेला बन पाठीमागे लपवला.

"डोकं वेलचीचं आहे," सिक्स्टन म्हणाले.

"माझ्याच हातून झालं," हिलेव्ही रडकुंडीला आली. "शिंकले मी. खरं डोकं सापडतच नाहीये. हेलसिंकीला आजच कळवते."

"कळव. पण प्रजाती तू म्हणतेस तीच. पक्की."

"डोकं न बघता?"

सिक्स्टननी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ही प्रजाती ओळखायचा तक्ता पन्नास वर्षांपूर्वी मीच लिहिला. त्यात मांडीवर दीड पान आहे. डोक्यावर किती ओळी आहेत, सांग बरं?"

हिलेव्हीने आठवून पाहिलं. एकही नव्हती.

"तेव्हा माझ्याकडेही एकच माशी होती," ते म्हणाले. "धूळ बसली होती तिच्यावर. म्हटलं, जरा फुंकर मारू."