आप्पांनी ऐकायला लावलेला आवाज

शिक्रापूरच्या फाट्यावर भल्याभल्यांनी गुडघे टेकून गाडीच्या सायलेन्सरला कान लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. कडक इस्त्रीतले सोसायटीचे चेअरमन, लग्नाला निघालेले नवरदेवाचे मामा, एकदा तर कोरी पैठणी नेसलेल्या एक वहिनी. ही सगळी आप्पांची करणी. आप्पा म्हणजे आमचे मेकॅनिक. ते सांगत आणि माणसं निमूट ऐकत.

हा कार्यक्रम गाडीचा टायमिंग बेल्ट सरकला की व्हायचा. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हनं बाजूला व्हायचं असतं, आणि ती वेळ हा पट्टा सांभाळतो. पट्ट्याचे दात सरकले की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. "घरात दोघं एकाच टायमाला बोलाय लागल्यावर काय व्हतं? तसंच," आप्पा म्हणत.

बॉनेट उघडायच्या आधी त्यांचा ठरलेला प्रश्न असे, धक्का मारला का? आमच्या भागात बंद गाडीला धक्का न मारणं म्हणजे पाहुण्याला चहा न विचारण्यासारखं. दहा माणसं न बोलावता धावत येतात. पण आधीच सरकलेल्या पट्ट्यावर धक्का मारला की उरलासुरला व्हॉल्व्हही जायचा. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे "नाही" म्हणायचे. आप्पा "बरं" म्हणायचे.

मग पट्ट्याच्या खुणा जुळवून ते इंजिन पान्यानं हातानंच फिरवत, डोळे मिटून, सावकाश; व्हॉल्व्ह वाकला असेल तिथं पाना हाताला हलका लागतो म्हणत. मग प्लगच्या भोकातून एकेका सिलिंडरमध्ये हवा भरत. व्हॉल्व्ह धड असेल तर हवा आत राहते, वाकला असेल तर सायलेन्सरमधून नाहीतर एअर फिल्टरमधून फुसफुसते. ते ऐकायचं काम मालकाचं. पुतण्यानं हवेचा दाब मोजायचा मीटर आणून दिला होता, तो खोक्यातच. "काट्याला कळ न्हाई, मालकाला हाय," हे त्यावरचं उत्तर. तऱ्हेवाईक माणूस, असं आम्ही म्हणायचो, आणि कौतुकानंच म्हणायचो. आता गाडीला वायर जोडून कम्प्युटर बघतात, मालकाला काचेपलीकडे खुर्ची देतात. मला नाही करमत तिथं.

तर एकदा माझीच पाळी आली. कवठे येमाईहून सौभाग्यवतींना घेऊन येत होतो, फाट्याजवळ गाडीनं मान टाकली. ही म्हणाली, ढकलू नका, आधी आप्पांना बोलवा. मी तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, बायकोचं कशाला ऐकतोय! कंपनीतून सुटलेली बिहारची पोरं "और जोर से" करत धावली आणि मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला. इंजिनात खट्ट झालं. हिला वाटलं दगड उडाला. मी म्हटलं, हो, दगडच.

आप्पांनी मला सायलेन्सरपाशी बसवलं आणि हवा सोडली. एक नंबर गप्प, दोन गप्प. तीन नंबरला सापासारखी फुस्स. ही पदर खोचून माझ्याकडे बघत उभी होती. मी ठामपणे सांगितलं, काही नाही, सगळं गप्प. आप्पांनी पाना हातात धरून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग नवा पट्टा चढवला आणि गाडी दिली.

घरी केंदूरपर्यंत गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडत गेली. दुसऱ्या दिवशी परत आणली, हीही सोबत होतीच. आप्पांनी बॉनेटवर तळहात ठेवला, आणि इंजिनाचं हेड उघडलं. तीन नंबरचा व्हॉल्व्ह वाकलेला. तो हातात घेऊन ते स्टुलावर बसून राहिले. मी बोलणी खायच्या तयारीनं उभा होतो.

"पाना फिरवताना तीनला हात हलका लागला व्हता, गुरुजी. पर तुम्ही म्हणालात आवाज न्हाई. म्हटलं, मग हातबी गेला."

हातबी म्हणजे? मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत हळूच कानाला बोट लावलं. दोन वर्षं झाली म्हणाले, घरीसुद्धा माहीत नाही. हायवेला सगळेच ओरडून बोलतात, त्यात खपून गेलं. कामाचा सगळा भरवसा हातावर आणि मालकाच्या कानावर. आता हातच दगा देत असेल तर लोकांच्या गाड्या नासण्यापेक्षा गॅरेज बंद केलेलं बरं. आजच शटर ओढतो म्हणाले. एवढं बोलून ते हत्यारं पुसून पेटीत ठेवायला लागले.

मी खाली बघत पुटपुटलो, आप्पा, आवाज होता.

"जरा मोठ्यानं."

मग मी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो. "आवाज होता आप्पा! मी खोटं बोललो! धक्का मीच मारायला लावला होता!" चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. हिनं तर ऐकलंच.

आप्पांच्या हातातला पाना तसाच राहिला. "म्हंजी तीन नंबरलाच व्हता?"

"तीनलाच!"

त्यांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, काळ्याकुट्ट रेघांचा. डोळे भरून आले होते.

"लई बरं केलंत गुरुजी, खोटं बोललात," ते म्हणाले, आणि हत्यारं पुन्हा पेटीतून बाहेर काढायला लागले.